वेळापत्रकाची स्पर्धा

बावीस वर्षे मी शाळेचे वेळापत्रक केले. तेवढ्या भांडवलावर यंदा वैशाखात भाच्याने मला परीक्षक नेमले. नांदुऱ्याला आमच्या ओसरीवर स्पर्धा. स्पर्धक तीन, पंखा एक!

स्पर्धा तर्कावर चालणाऱ्या संगणक-प्रणालींची. तिथे यंत्राला 'आधी हे कर, मग ते' असे सांगायचे नसते. हवे काय, तेवढेच सांगायचे. एक शिक्षक एका तासाला दोन वर्गांवर नको, चित्रकलेचे दोन तास लागोपाठ हवेत. वाट यंत्राने काढावी. १९७२ च्या सुमारास मार्सेयला प्रोलॉग जन्मली, तिच्याच कुळातली ही मंडळी.

भांडण पेटले ते भाषेवरून. सर्वांना एकच भाषा लावली, तर तीत मुरलेला पुढे जाणार. ज्याची त्याला मोकळी ठेवली, तर जिंकले कोण, यंत्र की मांडणारा? "मामा, हे थोरामोठ्यांनाही सुटलं नाही," भाचा म्हणाला. आन्सर सेट प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत २००९ साली लूव्हेनच्या विद्यापीठाने सगळ्यांना दार उघडले. २०११ साली कालाब्रियाच्या विद्यापीठाने दोन गटच पाडले, एक ठरीव भाषेचा, एक मोकळा. तिघांत कसले गट! आम्ही मोकळाच ठेवला.

कोडे माझेच, एका जुन्या वर्षाचे. पहिले उत्तर आले: 'अशक्य.' वेळापत्रक आले असते तर पेन्सिलीने घटकाभरात तपासले असते. नाही म्हणणाऱ्याला तपासायचे कसे? सगळ्या शक्यता पुन्हा कोण चाळणार? दुसऱ्याचेही तेच उत्तर. त्या वर्षी मी हेच सांगत होतो. वरिष्ठ म्हणाले, नीट बसून करा.

तिसऱ्याचे यंत्र अजून फिरत होते. भाच्याने अर्धा तास वाढवून दिला.