साठीनंतरचा घाट

पुण्याहून कोकणात उतरायला घाट पुष्कळ आहेत. ताम्हिणी आहे, वरंध आहे, खाली कुंभार्लीही आहे. पण ज्याला घाई नाही त्याने वाईची वाट धरावी. कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करावा, पसरणीच्या घाटाने पाचगणीस चढावे, महाबळेश्वरी मुक्काम टाकावा आणि दुसऱ्या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याने, आंबेनळीच्या घाटाने, पोलादपूरला उतरावे. साडेचार हजार फुटांवरून माणूस एका सकाळीत जवळजवळ समुद्रसपाटीला येतो. वर अंगात स्वेटर, खाली कपाळावर घाम. ही वाट बसने पाहिली असेल, मोटारीने पाहिली असेल. पण तिचा खरा वास घ्यावा तो फटफटीवरूनच.

आमचे तात्या तीस वर्षे असा वास घेत आले. वहिनींचे माहेर दापोलीजवळचे मुरुड, महर्षी कर्व्यांचे गाव. दर भाऊबीजेला तात्या पुढे, वहिनी मागे आणि मध्ये फराळाचा डबा, असा हा संसार आंबेनळी उतरून जायचा. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर तात्यांनी जाहीर केले की आपण एकदा त्याच वाटेने मुरुडला जाणार, आणि फटफटीनेच जाणार. वय वर्षे अडुसष्ट!

घरात काय झाले असेल ते सांगायला नको. मुलगा म्हणाला, "बाबा, मी मोटारीने नेतो तुम्हाला." तात्या म्हणाले, "मोटारीला काचा असतात रे." सून काही बोलली नाही, तिने फक्त किल्ली लपवली. शेवटी प्रकरण आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर आले. कट्ट्यावर फटफटी चालवणारे आम्ही तिघे : तात्या, निवृत्त गणिताचे मास्तर आणि मी, चौसष्ट वर्षांचा. मास्तर म्हणाले, "जायचे की नाही ते मागाहून ठरवू. आधी उदाहरण मांडू."

मास्तरांनी मांडलेले उदाहरण ऐकून माझा चहा गार झाला. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. हे झाले सगळ्या वयांचे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी लाखो अपघातांच्या नोंदी तपासून २०१३ साली दाखवून दिले, की फटफटीवरून पडलेल्या साठीपुढच्या माणसाला रुग्णालयात ठेवावे लागण्याचा संभव विशी-तिशीतल्या माणसाच्या तिप्पट असतो. एकाच रस्त्यावर, एकाच तऱ्हेने, दोघे पडतात. तरुण उठतो, कपडे झटकतो आणि आधी मोबाइल पाहतो. म्हाताऱ्याची बरगडी मोडते. हाडे ठिसूळ झालेली असतात, फुप्फुसांना पूर्वीचा जोर नसतो आणि पोटात कसली ना कसली गोळी असते. रक्त पातळ राहण्याची गोळी असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्त साकळवू शकतो.

"म्हणजे आपण जास्त पडतो असे नाही," तात्या म्हणाले.

"तेही थोडे आहेच," मास्तर म्हणाले. "ताशी साठ किलोमीटरने जाताना गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. तुझा पाय पूर्वीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा ब्रेकवर गेला, तर तू आठ मीटर पुढे. म्हणजे एकामागे एक उभ्या दोन मोटारी!" डोळ्यांचेही तसेच. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो. मान मागे वळत नाही, म्हणून आपण आरशावर विसंबतो, आणि आरशाला तर आपल्या शेजारी आलेला ट्रक दिसतच नाही.

एवढे ऐकूनही तात्यांचा विचार बदलला नाही. मग आम्ही ठरवले, की जायचे. पण वयाला जे देणे लागते ते आधी चुकते करायचे. तिघांनी डोळे तपासून घेतले. मास्तरांना मोतीबिंदू निघाला. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिल्यावरच बेत पक्का केला. आपल्याकडे चाळिशीनंतर परवान्याला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि पंचावन्ननंतर परवान्याचे नूतनीकरण पाचच वर्षांचे होते. कायद्याला जे कळते ते आपल्यालाही कळायला हरकत नाही! मग नियम केले : सूर्य उगवल्याशिवाय निघायचे नाही, मावळायच्या दोन तास आधी मुक्काम गाठायचा, तासाला एकदा उतरून पाय मोकळे करायचे. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी : नाव, रक्तगट, चालू गोळ्या, घरचा फोन.

आणि शिरस्त्राण. पुणेकरापुढे हा विषय काढणे धाडसाचे. २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा आमच्या शहरात तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले होते. पगडीला जागा देणारे डोके हेल्मेटला जागा देईना. पण जगभरच्या अभ्यासांची मोजदाद करून २००८ साली निघालेला निष्कर्ष असा, की हेल्मेटने डोक्याची इजा शेकडा ६९ आणि मृत्यू शेकडा ४२ कमी होतात. आमच्या सौभाग्यवतींनी आकडे मागितले नाहीत. त्यांनी स्वतः हनुवटीखाली पट्टा आवळून पाहिला आणि दोन बोटे शिरतात असे दिसल्यावर तो सैल म्हणून आणखी आवळला.

अशा थाटात तीन म्हातारे नोव्हेंबरअखेर निघाले. तात्यांची जुनी फटफटी भंगारात गेली होती म्हणून त्यांनी मुलाची नवी घेतली. पहिला मुक्काम वाईला. दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट. पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. चढताना मागे वळून पाहावे तर कृष्णेचे खोरे पसरलेले, ऊस हिरवागार, मध्ये वाईची कौले. मास्तरांनी मात्र वळणावर पाहायची बंदी केली होती. "पाहायचे असेल तर थांब. थांबायचे असेल तर कडेला घे. फटफटी डोळ्यांच्या मागे जाते. दरी पाहशील तर दरीत जाशील." हे अगदी खरे आहे. वळणात नजर जिकडे, गाडी तिकडे. म्हणून नजर वळणाच्या शेवटावर ठेवावी, वेग वळणाआधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये आणि आंधळ्या वळणावर आपली डावी बाजू सोडू नये.

महाबळेश्वरी थंडी मजेची होती. रात्री तात्या पुष्कळ बोलले. कुठल्या वळणावर वहिनींना गाडी लागायची, कुठल्या टपरीवर आले घातलेला चहा मिळायचा. ती टपरी आता नाही, असे ते दोनदा म्हणाले.

सकाळी धुके निवल्यावर आम्ही आंबेनळी उतरू लागलो. हा घाट देखणा आहे तसाच कठोरही. २०१८ च्या जुलैत इथे दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. आतला एकच जण वाचला. पावसाळ्यात डोंगर सुटतो आणि त्याची खडी दिवाळीनंतरही वळणांवर राहते. घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी असा नियम आहे, म्हणून आम्ही खालच्या गिअरात, इंजिनाच्या जोरावर वेग आवरत, सावकाश उतरत होतो. मास्तर पुढे, तात्या मध्ये, मी मागे.

प्रतापगडाचा फाटा मागे पडला. एका वळणावर समोरून एस.टी. आली, आपल्या बाजूने, आपल्या वेगाने. तिचा काही दोष नव्हता. तात्या दचकले आणि त्यांनी ब्रेक दाबला. पण तो ब्रेक नव्हता. विलायती घडणीच्या जुन्या फटफट्यांचा गिअर उजव्या पायाशी असे आणि ब्रेक डाव्या. तात्यांचा पाय तीस वर्षे तसाच शिकलेला. नव्या गाडीत हे उलटे. चार दिवस सरावाने सगळे ठीक चालले होते; पण दचकलेला माणूस सरावाने चालत नाही, सवयीने चालतो. डावा पाय सवयीने खाली गेला, गाडी एकदम खालच्या गिअरात पडली, मागचे चाक खडीवर अडखळले आणि तात्या आडवे झाले. वेग पंधराच्या वर नसेल. एस.टी. जागच्या जागी उभी राहिली.

चालक आणि वाहक दोघे उतरले. मास्तरांनी तात्यांना उठू दिले नाही, हेल्मेट काढू दिले नाही. आधी हातपाय हलवायला लावले, नाव विचारले, वार विचारला. मी वर वळणावर जाऊन उभा राहिलो, येणाऱ्यांना थांबवायला. वाहकाने १०८ ला फोन केला. एका उतारूने विचारले, "पोलिसांचा त्रास नाही ना होणार?" मास्तर म्हणाले, "नाही. २०१९ पासून मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे." मग त्या भल्या माणसाने आपली शाल काढून तात्यांच्या अंगावर घातली.

खांद्याचे पुढचे हाड मोडले होते. हेल्मेटच्या उजव्या कानावर वीतभर ओरखडा होता. तो डोक्यावर असता तर, हा विचार तिघांच्याही मनात आला आणि कोणी बोलले नाही. डॉक्टरांनी खिशातली चिठ्ठी वाचली, रक्त पातळ करणारी गोळी पाहिली, लगेच डोक्याचा फोटो काढवला आणि फोटो निर्मळ आला तरी रात्रभर देखरेखीत ठेवले. "चिठ्ठी नसती तर मी कदाचित घरी पाठवले असते," ते म्हणाले.

मध्यरात्री मुलगा मोटार घेऊन आला. रागावण्याचे सगळे वाक्य त्याने वाटेत तयार केले असावे. पण बापाला गळ्यात हात बांधून बसलेला पाहिल्यावर त्याला ते आठवेना. सकाळी डॉक्टरांनी सोडले. मुलाने मोटार पुण्याकडे वळवली. तात्या म्हणाले, "मुरुड इकडे आहे."

मुलाने क्षणभर वाट पाहिली आणि मोटार खेडच्या दिशेला लावली. मागून आम्ही दोघे आपापल्या गाड्यांवर. दापोलीला पोहोचेपर्यंत तात्यांनी मुलाला वहिनींची सगळी वळणे सांगितली, असे तो नंतर म्हणाला. त्याला एकही ठाऊक नव्हते. मुरुडला समुद्राच्या वाळूत दोघे बराच वेळ बसले होते. आम्ही नारळीखाली थांबलो.

आता तात्या फटफटी चालवत नाहीत. कोणी किल्ली लपवली म्हणून नव्हे. हाड जुळल्यावर एका मोकळ्या मैदानात त्यांनी मास्तरांकडून स्वतःची परीक्षा घेतली. मास्तर अवचित हात वर करत आणि तात्यांनी थांबायचे. दहातल्या तीन वेळा डावा पाय आधी गेला. "तीन पुष्कळ झाले," ते म्हणाले आणि किल्ली मुलाच्या हाती दिली. मी आणि मास्तर अजून चालवतो, तीच परीक्षा दर सहा महिन्यांनी देतो, आणि एकमेकांचे गुण लपवत नाही.

ज्यांच्या घरी असे कोणी आजोबा किंवा काका आहेत त्यांना एकच सांगणे. किल्ली लपवू नका. त्याने माणूस हट्टाला पेटतो. त्यांना मैदानात घेऊन जा, डोळे तपासून आणा, खिशात चिठ्ठी घाला आणि त्यांना कुठे जायचे आहे ते एकदा नीट विचारा. पुष्कळदा फटफटी हे निमित्त असते. जायचे असते ते मुरुडला, आणि तिथे जायला मागच्या आसनावरची जागाही चालते.