नाही म्हणणारी खानावळ

व्हॅलेन्सियात रात्री भात मागू नये. मिळत नाही असं नाही. पर्यटकांनी गजबजलेल्या चौकात, रंगीत फोटोंच्या फलकाखाली, तो रात्री अकरालाही समोर येतो. पण गावातली माणसं तिकडे फिरकत नाहीत. पाएया, म्हणजे इथला खास भात, खायची ती दुपारी, शक्यतो रविवारी, आणि नंतर कुठे जायची घाई नसेल तेव्हाच. रात्रीच्या पोटाला भात जड पडतो, एवढं साधं कारण ते देतात आणि विषय संपवतात. भातावरच वाढलेल्या माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला हे पचायला भातापेक्षा जड गेलं.

खरी पाएया खायची तर एल पाल्मारला जा, असं जो तो सांगत होता. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं मोठं, उथळ, गोड्या पाण्याचं सरोवर आहे. ते आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त वाळूचा आणि पाइनच्या झाडांचा एक चिंचोळा पट्टा. भोवती नजर पोचेल तिथवर भातखाचरं. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी, आणि हिवाळ्यात त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडतात, म्हणजे सरोवराला मर्यादाच उरत नाही. आम्ही गेलो तेव्हा भात हिरवा होता आणि बगळे अगदी आपल्याकडच्यासारखेच एका पायावर उभे होते. स्पेनमध्ये आलोय की पेणला, असं बरोबर आलेल्या माझ्या ताईने विचारलं.

या सरोवराच्या काठचं एल पाल्मार हे कोळ्यांचं गाव. विसेन्ते ब्लास्को इबान्येसने १९०२ साली आपली एक कादंबरी इथल्याच चिखलात, इथल्याच मासेमारांत रुजवली. आज गावात घरांइतक्याच खानावळी असाव्यात असं वाटतं. आमच्या खानावळीला आदल्या दिवशी फोन करावा लागला. किती माणसं, किती वाजता, कुठला भात? टेबल राखताना भातही राखून ठेवायचा, कारण तो तयार नसतो. तुम्ही येणार म्हटल्यावरच विस्तवाची तयारी होते. ‘दोन माणसं’ म्हटल्यावर पलीकडचा आवाज जरा निवला. इथल्या मेन्यूत भाताच्या यादीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं : किमान दोन माणसांसाठी. मासा एकट्याने खा, मटण एकट्याने खा, भात मात्र एकट्याला नाही.

टेबलाशी बसल्यावर पुढचे नकार. ताईने विचारलं, “ससा वगळता येईल का हो?” व्हॅलेन्सियाच्या पाएयात कोंबडी असते, ससा असतो, चपट्या हिरव्या शेंगा असतात, गाररोफो नावाचा मोठा पांढरा वाल असतो, टोमॅटो, केशर, गोडी लाल मिरचीपूड, ऑलिव्हचं तेल. कुणी रोझमेरीची काडी टाकतं, कुणी गोगलगाई. कांदा नाही, कोळंबी नाही. वयस्कर वाढप्याने हात जोडावेत तसे बोटं जुळवून सांगितलं, की वगळता येईल, पण मग ती पाएया नव्हे, ‘काहीबाही घातलेला भात’. हा त्यांचा ठरलेला शेरा आहे. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या इंग्रज बल्लवाने पाएयात चोरिसो, म्हणजे तिथलं मसालेदार सॉसेज घातलं, तेव्हा अख्ख्या स्पेनने हाच शेरा पुष्कळ कमी सभ्य शब्दांत मारला होता.

मला वाटलं ताई रुसेल. पण इतकी वर्षं सदाशिव पेठेत काढलेली बाई ती. ‘मिळणार नाही’ची पाटी वाचल्याशिवाय तिला दुकान अस्सल वाटतच नाही. ती खुशीत म्हणाली, “हे लोक आपले आहेत.” आणि सशाला मूक संमती दिली.

मग वाट पाहणं. मागच्या अंगणात संत्र्याच्या लाकडांचा जाळ होता आणि त्यावर परातीएवढी, जेमतेम चार बोटं खोल, दोन कानांची कढई. आधी तेलात मांस सावकाश लाल होतं. तिथे घाई केली तर पुढे रश्श्याला चव येत नाही. मग शेंगा, वाल, किसलेला टोमॅटो, मिरचीपूड, लगेच पाणी. रस्सा उकळून मुरला, केशर पडलं, की शेवटी तांदूळ. तो एकदा सारखा पसरला की त्याला हात लावायचा नाही. वीसेक मिनिटं, आधी मोठा जाळ, मग मंद. बोम्बा जातीचा आखूड, गोलसर दाणा पुष्कळ रस्सा पितो, फुगतो, पण फुटत नाही. “धुतलाय का?” ताईने कुजबुजत विचारलं. नाही, इथे तांदूळ धूत नाहीत. हा एकच मुद्दा तिने आजतागायत मान्य केलेला नाही.

भूक लागलेली असताना डोकं भलतीकडे पळतं. हा तांदूळ इथे आणला अरबांनी. केशर त्यांचं, संत्री त्यांची, भोवतालच्या मळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाटांची व्यवस्थाही बरीचशी त्यांचीच. १२३८ मध्ये ख्रिस्ती राजा जाउमेने त्यांच्याकडून शहर जिंकलं, अल्बुफेरा राजघराण्याकडे ठेवलं, आणि पाटांच्या पाण्याचे नियम मात्र चालू दिले. अजूनही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात काळे डगले घातलेले शेतकरी पाण्याचं न्यायालय भरवतात. तोंडी तक्रार, तोंडी निवाडा, वकील नाही, कागद नाही. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाचा मान दिला. ज्या मुलखात पाटाच्या पाण्यासाठी शतकानुशतकं आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय आहे, तिथल्या खानावळीत मी चाळीस मिनिटांत चुळबुळ करावी, याची थोडी लाज वाटली. टोमॅटो, वाल आणि मिरची पुढे अमेरिकेतून जहाजांनी आली. तीच मिरची पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवली. आपण तिला जाळ केलं. स्पेनमध्ये ला व्हेराच्या खोऱ्यात ओकच्या धुरावर ती वाळवून तिची सौम्य, धुरकट पूड केली. एकाच पोरीची दोन सासरं.

कढई आली ती तशीच, टेबलाच्या मधोमध. भाताचा थर बोटाच्या पेराहून जाड नाही. ताटं होती, पण वाढप्याने लाकडी चमचे हातात दिले आणि बोटाने हवेत वाटण्या आखल्या : काठापासून सुरुवात करा, आपापल्या बाजूने मध्याकडे या, दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नका. केशराच्या आधी संत्र्याच्या लाकडाचा वास आला. दाणा न् दाणा सुटा, तरी रश्श्याने भरलेला. आणि तळाला खरवड : तांबूस, कुरकुरीत, किंचित कडवट, चमच्याने खरवडून काढावी लागणारी. तिच्यासाठी आमच्यात सीमातंटा झाला. लहानपणी दुधाच्या पातेल्यावरून व्हायचा, अगदी तोच, आणि तेव्हासारखीच ताई जिंकली. तिने सशाचे तुकडेही सरहद्द ओलांडून माझ्याकडे सरकवले. एका कढईत समोरासमोर खाताना माणसं अशी उलगडतात. भात एकट्याला का देत नाहीत, हे मला कढई अर्धी झाल्यावर कळलं.

कॉफी संपली. तीन वाजले, चार वाजले. शेजारच्या टेबलावर आजीपासून नातवापर्यंत सगळे अजून बोलत होते आणि त्यांची कढई केव्हाच रिकामी झाली होती. कुणी बिल आणत नव्हतं. इथे न मागता बिल ठेवणं म्हणजे ‘उठा’ म्हणणं, आणि तेवढं म्हणायची रीत नाही. रात्री नाही, एकट्याला नाही, सशाशिवाय नाही, लवकर नाही, असं दिवसभर म्हणणारी ती खानावळ बसण्याच्या बाबतीत मात्र कमालीची उदार होती.

गिऱ्हाईक म्हणेल ते, म्हणेल तेव्हा, दारापर्यंत पोचवणाऱ्या हॉटेलांचे आज आपल्याकडे दिवस आहेत. फोनवर दोनदा बोट टेकवलं की वीस मिनिटांत बिर्याणी येते, एका माणसाची, प्लास्टिकच्या डब्यात. सोय मोठी आहे, मीही मागवते. पण आपल्या अन्नाबद्दल ज्याला काही मत आहे, तो कधीतरी नाही म्हणणारच, आणि मला जेवायला आता तोच बरा वाटतो. व्हॅलेन्सियाला गेलात तर एल पाल्मारला दुपारी जा, आदल्या दिवशी फोन करा, आणि मुख्य म्हणजे बरोबर कुणाला तरी घेऊन जा. एकट्याला तिथे भात मिळत नाही.