मॅनेजरला सिनेमा दिसतो कुठे?

शुक्रवार. भाच्याने विचारलं, "मामा, थिएटरच्या मॅनेजरला रोज फुकट सिनेमा बघायला मिळत असेल ना?" मिळतो की, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे. शेवट तर बहुतेक वेळा बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरूनच ओळखायचा.

या नोकरीला सिनेमाचं वेड नसलं तरी चालतं, हिशेब मात्र पक्का लागतो. शेवटचा शो सुटला की डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा अहवाल, भरायचा: कोणत्या दराची किती तिकिटं गेली, जीएसटी किती, वितरकाचा वाटा किती. पूर्वी रिळांच्या पेट्यांसाठी एसटी स्टँडवर ताटकळायचो. आता डिजिटल सिनेमाची चावी येते. ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक मुदतीतच चालणारी फाइल. पहिल्या शोआधी ती आली नाही, की फाटकाबाहेरची गर्दी आणि फोनवरचा वितरक, दोघांशी एकाच वेळी गोड बोलावं लागतं. खरं कसब तिथे.

२०१६ मध्ये 'सैराट'च्या गाण्यांवर पोरं पडद्यासमोर नाचायला उतरली. डोअरकीपर शिट्टी घेऊन धावला. त्याला म्हटलं, बाहेर पडायच्या वाटा तेवढ्या मोकळ्या ठेव, बाकी नाचू दे. हे कुठल्या कोर्सात शिकवतात, कोण जाणे.

'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला मात्र सूट नाही. मिसरूडही न फुटलेलं पोर, बाप नगरसेवक असला तरी, परत. (आवाज न चढवता.)

उद्या एसीवाला येतोय. बाल्कनीतल्या खुर्च्यांचे बोल्टही आवळून घ्यायला हवेत.