आबाचं नाव, खांदेरीचं नाव

लासूर स्टेशन,
जि. छत्रपती संभाजीनगर

प्रिय खांदेरी,

तू नौदलाची पाणबुडी आणि मी शिवना नदीकाठच्या, कांद्या-कापसाच्या बाजारपेठेतली बाई. तुला मी फोटोतच पाहिलंय. तरी तुझं-माझं एक नातं लागतं, म्हणून लिहितेय.

भावाच्या मुलाच्या बारशाला मी आत्या म्हणून पाळण्यावर वाकले आणि 'कुर्रर्र' करून त्याच्या कानात माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आईनं डोळ्यांना पदर लावला. उखाण्याशिवाय ते नाव तिनं कधी तोंडात घेतलेलं नाही. आता नातवाला हाक कशी मारणार? ती त्याला 'आबा' म्हणू लागली. रांगत्या पोराला 'आबा, इकडं या' म्हणायची.

तुझंही असंच झालं. १२ जानेवारी २०१७ ला माझगाव डॉकमध्ये तुझं जलावतरण झालं, ते धुळ्याचे तेव्हाचे खासदार आणि संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांच्या पत्नी बीना भामरे यांच्या हस्ते. हा मान बाईचा, ही नौदलाची रीत. म्हणजे तुझी आत्याही आमच्यासारखीच, बिनसमुद्राच्या मुलखातली! आणि नावही जुनंच. पहिली खांदेरी रशियन बनावटीची. डिसेंबर १९६८ मध्ये रीगा बंदरात ती आपल्या नौदलात आली आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये निवृत्त झाली. एका वेळी एका नावाचं एकच जहाज. मोकळं झालेलं ते नाव तीस वर्षं थांबलं आणि २८ सप्टेंबर २०१९ ला तू ते घेऊन सेवेत आलीस.

नवी नावं सुचत नाहीत का, असं मला कुणी कुणी विचारतं. त्यांना मी १६७९ सालची गोष्ट सांगते. शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, काम मायनाक भंडारीकडे दिलं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना कसा खपावा? त्यांनी गलबतं आणून वेढा घातला, पाठोपाठ सिद्दीही आला. पण इंग्रजांची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालणारी, आणि आपल्या होड्या लहान, वल्ह्यांच्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या वेढ्यातून निसटायच्या आणि बेटावर रसद पोचवायच्या. बांधकाम थांबलं नाही. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली.

न दिसता, आवाज न करता शत्रूच्या जवळून निघून जायचं. तुझंही काम तेच ना? म्हणून हे नाव तुलाच शोभतं.

'खुक्री' या युद्धनौकेच्या नावाचं मात्र मला जास्त लागतं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ती बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. असं अवचित गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवायला आपल्याकडं घरचे कचरतात. नौदल कचरलं नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये दुसरी 'खुक्री' सेवेत आली, तीही माझगावातच बांधलेली. ज्या घरातला मुलगा पहिल्या खुक्रीवर गेला, त्या घरात ही बातमी कशी ऐकली असेल, हे मी कितीदा तरी मनात आणलंय. मला वाटतं, तिथंही कुणीतरी पदर डोळ्यांना लावला असेल.

खांदेरी, एकच मागणं आहे. तुझ्यावर नवा खलाशी रुजू झाला की त्याला मायनाक भंडारीचं नाव सांग. त्या रात्रीच्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं तर कुणी लिहूनच ठेवली नाहीत, तेवढंही सांग.

आबा आता शाळेत जातो. परवा त्यानं आजीला विचारलं, "माझं नाव आधी कुणाचं होतं?" आई पोळ्या सोडून उठली. भिंतीवरचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला. नाव काही घेतलं नाही.

तुझी,
लासूर स्टेशनची एक आत्या