ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन



डहीत लग्नसराई आली की मुले अभ्यासाला बसण्याआधीच बँड सुरू होतो. त्यातले एक वाकडे, सोनेरी, तोंडाशी काळी चोच असलेले वाद्य सर्वांनी पाहिले आहे. तोच सॅक्सोफोन. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि फौजी बँडमध्ये तो रुजला. अंग पितळेचे, पण सूर निघतो वेताच्या पातळ पट्टीतून. म्हणजे नाते तुतारीशी नाही, सनईशी.

या वाद्याला अमेरिकेत चार्ली पार्कर भेटला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका मैफलीत तो चुकला, तेव्हा ढोलवादकाने त्याच्या पायाशी झांज फेकून त्याला गप्प केले. पुढे तीन-चार वर्षे आपण रोज अकरा ते पंधरा तास रियाज केला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. १९४०च्या दशकात त्याने व डिझी गिलेस्पीने न्यूयॉर्कमध्ये जे जॅझ घडवले त्याला बेबॉप म्हणतात. नाचण्यासाठी नव्हे, बसून ऐकण्यासाठी. पहिल्या ऐकण्यात आमच्या हाती काहीच लागले नाही, नुसती सुरांची धावपळ वाटली. पण तानेची सवय असलेल्या कानाला तिसऱ्या वेळी वाट सापडते. पार्कर १९५५ साली अवघ्या ३४व्या वर्षी गेला. अमली पदार्थांनी त्याचे शरीर पोखरले होते. मोठ्या मुलांनी हेही माहीत करून घ्यावे.

हे कठीण संगीत भारतात सॅक्सोफोनवर आणणाऱ्यांत गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस अग्रणी. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवत, त्यामुळे तिथले वादक मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत सहज सामावले. ब्राझ यांचे सासरे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे प्रसिद्ध ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. घरातल्या आजोबांना 'अलबेला' (१९५१) विचारा, लगेच गुणगुणतील. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, आणि त्यांच्या गाण्यांना तो झोक देणाऱ्यांत हे चिक चॉकलेट होते. मराठी माणूस जॅझला परका आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो.

ब्राझ यांनी कलकत्त्यात पार्क स्ट्रीटच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्याबरोबर वाजवले. लोक जेवायला येत आणि ताटावरून मान वर करून ऐकत राहत, असे आम्ही मनात चित्र रंगवतो. पण आम्हाला त्यांचे मोठेपण दिसते ते पुढच्या पावलात. पार्करची भाषा आत्मसात केलेला हा वादक तिथेच थांबला नाही, रागांकडे वळला. १९७० साली 'रागा रॉक' ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. मुंबईत १९७८ साली जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. त्या काळात बँक्स आणि कर्नाटक संगीताच्या गायिका आर. ए. रमामणी यांच्यासह त्यांनी जॅझ व राग एकत्र बांधले आणि ते युरोपातही ऐकवले. नंतर ते या झगमगाटातून बाजूला होऊन भक्तिसंगीतात रमले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, घरी मराठी आणि बाजारात निमाडी-भिलाली. म्हणून दोन भाषांत सहज फिरणारा वादक आम्हाला जवळचा वाटतो. आपल्या प्रदेशातही असे घडले आहे. कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात देवासला आले, अंथरुणावर पडून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि त्या धुनांतून त्यांना नवे राग सापडले.

आता मुद्दा शाळेचा. आपली तीन मुले लग्नसराईत वडिलांबरोबर बँडमध्ये जातात, दोघे क्लॅरिनेट व एक सॅक्सोफोन वाजवतो. काही पालकांनी आम्हाला सुचवले की, वरातीचे वाद्य शाळेच्या मंचावर नको, त्याने शाळेची पत जाते. सुचवणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्या मुलांची हजेरी बुडते ही खरी अडचण आहे आणि त्यासाठी आम्ही त्यांच्या घरी जाऊन बोललो आहोत. रात्रीच्या वरातीनंतर दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास सवलत, पण परीक्षेच्या महिन्यात बँड बंद. वडिलांनी हे कबूल केले आहे.

विश्वस्त मंडळापुढे आमची मागणी लहान आहे. संगीताच्या तासाला पेटी-तबल्याबरोबर ही वाद्ये आणि मांदलही असावे. नवी खरेदी नको. शनिवारी शेवटच्या तासाला मुले आपापली वाद्ये घरून आणतील, आणि ती ठेवण्यासाठी प्रयोगशाळेचे रिकामे कपाट झाडून तयार आहे.