काचेचं घर आणि पूर्णेचा पूर

अमरावती, रविवार

तीर्थस्वरूप मामांस,


तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. ‘पूर्णेकाठच्या वावरात अस्सं घर काढून दे’ म्हणता. ते घर अमेरिकेत, शिकागोपासून दीड-दोन तासांवर, फॉक्स नदीच्या काठी आहे. मीस व्हान डर रोह या जर्मनीहून तिकडे गेलेल्या वास्तुविशारदानं ते डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलं. 1951 साली पुरं झालं. बाई मूत्रपिंडाच्या तज्ज्ञ, एकट्या. सुट्टीला नदीकाठी निवांत बसावं, एवढीच हौस.

आठ पांढरे पोलादी खांब, त्यांनी जमिनीपासून सव्वापाच फूट उचलून धरलेली फरशी, वर सपाट छत, चहूबाजूंनी काच. आतल्या भिंतीही नाहीत. मधोमध लाकडी गाभा, त्यातच न्हाणी, शेकोटी, ओटा. कॉलेजात याचा नकाशा मी किती वेळा गिरवला असेन! अजूनही फोटो दिसला की हातातलं काम थांबतं.

पण राहायचं कुणी? उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही लहान. उन्हाळ्यात भट्टी, रात्री दिवा लावला की काचेवर किड्यांचा थर. खर्च 74 हजार डॉलरच्या आसपास गेला आणि दोघं कोर्टात उभे राहिले. बाईंनी बोलून दाखवलं होतं, ओट्याखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, रस्त्यावरून सगळं दिसतं. मामींना हे वाचून दाखवा. मग अकोल्याच्या मे महिन्यात काचेत बसायचं का, ते त्याच सांगतील.

आणि पूर. तो येणार म्हणूनच तर घर उचललं होतं. तरी 1954 मध्येच पाणी फरशीच्या वर चार फूट चढलं. 1996 मध्ये काचा फोडून आत शिरलं. वरच्या अंगाला वस्ती वाढली, पाणी मुरायला जागा राहिली नाही, हे त्यातलं एक कारण. 2021 च्या जुलैत मोर्णा नदीच्या पुरानं अकोल्यात काय केलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यापेक्षा बाळापूरचा किल्ला बघा. मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये, पण उंचवट्यावर. पावसाळ्यात भोवती पाणी भरलं तरी एक वाट मोकळी राहायची. बांधणाऱ्यांनी आधी नदी पाहिली, मग नकाशा काढला असणार.

खांबांची कल्पना मात्र मी सोडणार नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तर तुमच्या जुन्या घराच्या भिंती तडकल्या. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं बुडाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीतले खांब, रूढ केले. ते खोल, न हलणाऱ्या थरात रोवायचे आणि घर मातीला न टेकता त्यांवर उभं करायचं. वर जाड भिंती, चारी बाजूंनी ओसरी, काच फक्त नदीकडे, तीही ओसरीच्या सावलीत. मीसला आवडलं नसतं. नसो.

उंची किती ठेवायची, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. बांधावरच्या चिंचेच्या बुंध्यावर पुराचा गाळ कुठवर चढला होता, ते गड्याला विचारा आणि सुतळीनं मोजून कळवा. त्याच्या वडिलांना आठवत असेल तर तेही माप वेगळं लिहा.

तुमची भाची