दिवसाचा दिवा आणि गाडीचा चेहरा

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींवरचं हेडलाइट बंद करायचं बटण गेलं. इंजिन चालू की दिवा चालू. त्यानंतरचे काही महिने आठवतायत का? समोरून येणारा प्रत्येक भला माणूस हाताची बोटं उघड-मीट करून सांगायचा, "लाइट चालू आहे!" सिग्नलला थांबलं की शेजारचे काका ओरडून सांगायचे. नवी गाडी घेतलेल्या बिचाऱ्यांची मान हलवून हलवून दुखायची. भर दुपारी, सूर्यापुढे हा काजवा कशाला, असा सगळ्यांचा सूर होता.

तर आज या काजव्याविषयी. इंग्रजीत त्याला डे-टाइम रनिंग लाइट म्हणतात, म्हणजे डीआरएल. मराठीत धड शब्द नाही, म्हणून मी आपला 'दिवसाचा दिवा' म्हणतो.

मुळात गाडीच्या दिव्याची कामं दोन. एक म्हणजे आपल्याला रस्ता दिसणं, दुसरं म्हणजे आपण दुसऱ्याला दिसणं. बैलगाडीखाली टांगलेला कंदील आठवा. त्याच्या उजेडात गाडीवानाला काय डोंबल रस्ता दिसणार! बैलांना वाट पाठ असते. तो कंदील होता तो दुसऱ्या कुणाला गाडी दिसावी म्हणून. दिवसाचा दिवा हा त्या कंदिलाचाच वंशज. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावायची सक्ती केली. तिकडे हिवाळ्यात सूर्य उगवतो तोच मुळी मावळायच्या बेताने. १९७७ मध्ये स्वीडन आलं, १९८९ च्या डिसेंबरपासून कॅनडाने नव्या गाड्यांना हा दिवा बंधनकारक केला आणि फेब्रुवारी २०११ पासून युरोपियन युनियनने नव्या मॉडेलच्या मोटारींना. हेतू एकच, समोरच्याला गाडी लवकर दिसावी.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण मग या दिव्याला तिसरं काम मिळालं, ते म्हणजे ओळख.

याची सुरुवात इलेक्ट्रिक गाड्यांच्या बरीच आधी झाली. अमेरिकेत १९४० पासून हेडलाइट ठरावीक मापाचेच हवेत असा नियम होता. गाडी गरिबाची असो की श्रीमंताची, डोळे सारखेच. १९८३ मध्ये तो नियम सैल झाला. २००० साली बीएमडब्ल्यूने ५ सीरीजच्या दिव्यांभोवती चमकणाऱ्या कड्या आणल्या. २००४ मध्ये ऑडीने ए८ च्या डब्ल्यू १२ मॉडेलला एलईडीचे दिवसाचे दिवे दिले. एलईडी म्हणजे इवलासा ठिपका, तो कुठेही बसवा, कशीही रांगोळी काढा. डिझायनर मंडळींच्या हातात कोलीतच मिळालं! तरीही तोवर गाडीचा चेहरा म्हणजे प्रामुख्याने जाळी, ग्रिल. मर्सिडीज असो की जीप, लांबून ओळखायची ती जाळीवरून.

इलेक्ट्रिक गाडीत ही जाळीच बिनकामाची झाली. मागे तापणारं इंजिन नाही, मोठा रेडिएटर नाही. बॅटरी थंड ठेवायला थोडी हवा लागते, ती बंपरखालच्या फटीतून भागते. शिवाय पुढचा भाग बंद असला की वाऱ्याचा विरोध कमी होतो. बीएमडब्ल्यूने आयएक्सवर आपल्या दोन 'किडन्या' ठेवल्या खऱ्या, पण त्या बंद आहेत, आत सेन्सर बसवलेत. बाकीच्यांपुढे प्रश्न उरला की नाक काढून टाकल्यावर चेहरा कशाचा करायचा? डोळ्यांचा. ह्युंदाईच्या आयोनिक ५ चे चौकोनी पिक्सेल, रिव्हियनचे उभे लंबगोल डोळे आणि चार्जिंगच्या वेळी हिरवी होणारी पट्टी, व्होल्वो ईएक्स९० चा हातोड्यासारखा दिवा, जो पापणी उघडावी तसा उघडतो आणि आतून खरा हेडलाइट बाहेर येतो.

आणि हे काही फक्त परदेशात चाललेलं नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या रूपात आली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाशाची पट्टी घेऊन आली. दार उघडलं की स्वागत करणार, बंद केलं की निरोप देणार. आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ला इंग्रजी सी अक्षरासारखे दिवे आहेत. खरं सांगायचं तर मला या गाड्या दिसायला आवडतात. रात्री लांबूनच 'ही अमुक' असं ओळखता येण्यात मजा आहे.

बरं, पुष्कळदा असं सांगितलं जातं की हे सगळं वीज वाचवण्यासाठी. आता शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी हिशोब मांडला. जुना हॅलोजन बल्ब खालच्या बीमवर ५५ वॉटचा, दोन मिळून ११०. एलईडीचे दोन मिळून ४० धरा. वाचले ७० वॉट. किलोमीटरला १५० वॉट-अवर खाणारी गाडी ताशी ६० ने चालली तर मोटर घेते ९००० वॉट. म्हणजे बचत एक टक्क्याहूनही कमी! वाईट नाही, पण त्यासाठी कुणी बंपरभर रांगोळी काढत नाही. हे चेहऱ्यासाठीच आहे, आणि तसं म्हणायला हरकत नसावी.

माझी हरकत दुसरीकडे आहे. तिसरं काम करता करता पहिल्या दोन कामांचं काय झालं?

पहिलं काम, रस्ता दिसणं. वरची मोक्याची जागा बारीक पट्टीने घेतली, म्हणून खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये गेला. निसान ज्यूकने २०१० मध्ये हा पायंडा पाडला, आपल्याकडे २०१९ मध्ये हॅरियर आणि कोना इलेक्ट्रिक दोघींनी तो उचलला. खालचा बीम साधारण एक टक्का उताराने लावलेला असतो. म्हणजे दिवा ९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर प्रकाशाची कड ९० मीटरवर जमिनीला टेकते, ६५ सेंटिमीटरवर असेल तर ६५ मीटरवर. ताशी ८० ने जाताना हे २५ मीटर म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं कमी. खड्डा किंवा म्हैस दिसायला सव्वा सेकंद फार मोठा असतो. समोरच्याच्या डोळ्यांवर कमी उजेड जातो हा खालच्या दिव्याचा फायदा, तोही मान्य. पण चिखल पहिला त्याच्यावर उडतो, आणि पार्किंगमध्ये कुणी टेकवली की पहिला तोच फुटतो. पूर्वी बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात पाच मिनिटांत बदलून मिळायचा. आता बहुतेक वेळा अख्खा संच बदलायचा.

दुसरं काम, दुसऱ्याला दिसणं. हे जास्त गंभीर आहे. गेल्या डिसेंबरात सोलापूर रस्त्याला चौफुल्याच्या पुढे होतो. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असतील. आरशात एक सुंदर प्रकाशरेषा दिसली, वाढत वाढत आली आणि मला ओलांडून पुढे गेली. हिरवी नंबर प्लेट. आणि मागून गाडी ठार काळोखी! एकही दिवा नाही. थोड्या अंतरावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता, त्यालाही मागे काही नव्हतं. वीसेक लाखांची गाडी आणि उसाची ट्रॉली, मागून येणाऱ्याच्या हिशोबी दोघी सारख्याच अदृश्य. ट्रॉलीवाल्याला आपण सगळे शिव्या देतो, गाडीवाल्याला मात्र पत्ताही नसतो. समोर उजेड दिसतो, डॅशबोर्डचा पडदा झगमगतो, मग दिवे चालूच आहेत असं कुणालाही वाटणारच. पण दिवसाचा दिवा फक्त पुढे असतो. त्याच्याबरोबर मागचे दिवे लागतीलच असं नाही.

कॅनडाने हे दुखणं ओळखलं. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या नव्या गाड्यांना तीन पर्याय आहेत. दिवसाच्या दिव्याबरोबर मागचेही दिवे लावा, किंवा अंधार पडला की सगळे दिवे आपोआप लागू देत, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्डच अंधारात ठेवा म्हणजे चालकाला कळेल.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला इथेच चीड येते. ज्या गाडीत दार उघडताना दिव्यांचा नाच बसवायला कुणीतरी आठवडेच्या आठवडे कोड लिहिला, तिथे 'गाडी चालू आहे आणि बाहेर अंधार आहे, तर मागचे दिवे लाव' ही एक अट घालायला किती वेळ लागतो? सेन्सर अनेक गाड्यांत असतोच. आणि सेन्सर नसला तरी पुढच्याबरोबर मागचे दिवे कायम चालू ठेवायला तर अटसुद्धा लागत नाही. पण नाच शोरूममध्ये दिसतो, मागचा दिवा गिऱ्हाइकाला स्वतःला कधीच दिसत नाही. तो मागून येणाऱ्याला दिसतो, आणि मागून येणारा काही गाडीचे पैसे देत नाही.

असो. फार भाषण झालं. तुमच्यापैकी कुणी नवी गाडी बघत असेल तर माझा एवढाच आग्रह आहे की टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळची मागा. सेल्समन पट्टीचं कौतुक सांगत असेल तेव्हा त्याला गाडीत बसवा, दिव्याच्या बटणाला हात लावू देऊ नका, आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहा. मग हेडलाइट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि तो फुटला तर कितीला पडेल ते विचारा. सेल्समन तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे :-)